फोटो विकताना नेमके काय विकायचे: स्टॉक संकेतस्थळांवरील दर आणि परवाने

नागपुरात हौसेने किंवा व्यवसाय म्हणून फोटो काढणाऱ्या अनेकांच्या हार्ड डिस्कवर कळमना बाजारातील संत्र्यांचे ढीग, फुटाळ्याची संध्याकाळ, मारबतीची मिरवणूक आणि पेंचचे जंगल वर्षानुवर्षे पडून असते. हे सारे स्टॉक संकेतस्थळांवर, म्हणजे फोटो वापरण्याचे परवाने ग्राहकांना विकणाऱ्या संकेतस्थळांवर, टाकायचे ठरले की बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो एका फोटोचे किती मिळतात हा. फोटो कसा आहे यापेक्षा तो कोण, कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरणार यावर त्याचे उत्तर अधिक अवलंबून असते. काटोलच्या बागेतील एकाच फोटोचे सबस्क्रिप्शनवर, म्हणजे ठरावीक शुल्कात अनेक फोटो घेणाऱ्या ग्राहकाकडून, दहा सेंट मिळू शकतात आणि तोच फोटो संत्र्यांच्या खोक्यावर छापण्यासाठी देताना काही हजार रुपये मागता येतात. म्हणून दर ठरवण्याआधी परवाना समजून घ्यावा लागतो, आणि परवाना देण्याआधी फोटो खरोखर आपलाच आहे ना, याची खात्री करावी लागते. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आधी मालकी

भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती आहे. फोटो काढताक्षणी हक्क निर्माण होतो आणि त्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्काची मुदतही इतर कलाकृतींसारखीच झाली असून ती छायाचित्रकाराची हयात आणि त्यानंतरची 60 वर्षे इतकी आहे.

मात्र याच कायद्याच्या कलम 17 मध्ये एक अपवाद आहे आणि लग्नसमारंभांची कामे घेणाऱ्यांनी तो नीट वाचायला हवा. कोणी सांगितल्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. वर्धा रोडवरच्या मंगल कार्यालयात मानधन घेऊन टिपलेली हळद, मेहंदीचे हात किंवा सजवलेला मंडप आपल्याच कॅमेऱ्यातून निघालेला असला, तरी तो परस्पर स्टॉक संकेतस्थळावर टाकण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतील कारखान्यासाठी काढलेल्या यंत्रांच्या फोटोंनाही हेच लागू होते. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेले फोटोही साधारणपणे मालकाचे असतात. अशा कामातील काही फोटो पुढे विकण्याची इच्छा असेल, तर काम स्वीकारतानाच्या करारात तसे एक वाक्य घालून घ्यावे. नंतर परवानगी मागण्यापेक्षा ते कितीतरी सोपे जाते. करार नसेल तर ते फोटो यादीतून सरळ वगळावेत.

परवान्याचे प्रकार

स्टॉक व्यवहारात फोटोची मालकी हस्तांतरित होत नाही. ग्राहकाला मिळते ती वापराची परवानगी. त्या परवानगीचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला रॉयल्टी-फ्री. नावामुळे अनेकांना हा फुकटचा मामला वाटतो, पण तसे नाही. ग्राहक एकदाच पैसे भरतो आणि परवान्याच्या मर्यादेत राहून तो फोटो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कामांसाठी, मुदतीच्या बंधनाशिवाय वापरू शकतो. प्रत्येक वापरागणिक वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोच फोटो त्याच वेळी इतर शेकडो ग्राहकांनाही विकला जाऊ शकतो. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक आणि आयस्टॉक यांचा सगळा कारभार याच पद्धतीवर चालतो. यातही दोन पायऱ्या आहेत. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही ठिकाणी साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा पाच लाखांची आहे. त्यापेक्षा जास्त प्रती काढायच्या असतील किंवा टी-शर्ट, मग, दिनदर्शिका अशा विक्रीच्या वस्तूंवर फोटो छापायचा असेल, तर ग्राहकाला वरच्या श्रेणीचा परवाना घ्यावा लागतो. त्याची किंमत जास्त असते आणि आपला वाटाही त्या प्रमाणात वाढतो.

दुसरा राइट्स-मॅनेज्ड. यात प्रत्येक वापराचा दर स्वतंत्र निघतो: कोणत्या माध्यमात, किती आकारात, किती प्रतींसाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ. एखाद्या ग्राहकाला ठरावीक मुदतीसाठी एकट्याला वापर हवा असेल, तर तसेही देता येते, कारण फोटो आधी कोणी, कुठे आणि केव्हा वापरला याची नोंद राहते. गेटी इमेजेसने जाहिरात वापराच्या फोटोंसाठी ही पद्धत 2020 मध्ये गुंडाळली, तरी अलामीसारख्या संकेतस्थळावर ती अजून आहे आणि थेट विक्रीत तर तिच्यावाचून चालतच नाही.

या दोन प्रकारांत एक फरक निर्णायक आहे. एखादा फोटो रॉयल्टी-फ्री म्हणून एकदा विकला गेला की तो परवाना परत घेता येत नाही. संकेतस्थळावरून फोटो काढून टाकला तरी आधी दिलेले परवाने चालूच राहतात. पुढे कोणी 'हा फोटो फक्त आम्हालाच द्या' म्हणत चांगली रक्कम घेऊन आला, तर ते आश्वासन प्रामाणिकपणे देणे आपल्याला शक्य होत नाही. अनस्प्लॅशसारख्या मोफत संकेतस्थळांवर तर हे अधिकच खरे आहे, कारण तेथे दिलेली परवानगी कायमची आणि व्यावसायिक वापरासह असते. प्रसिद्धीसाठी दोन-चार फोटो तिथे देण्यास हरकत नाही, पण आपल्या संग्रहातील उत्तम फोटो तेथे ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

जाहिरातीसाठी की बातमीसाठी

परवान्याच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न फोटोचा वापर कमर्शियल की एडिटोरियल हा असतो. कमर्शियल म्हणजे जाहिरात, वेष्टन, कंपनीचे माहितीपत्रक. एडिटोरियल म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक, माहितीपर मजकूर. फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल आणि तिची लेखी संमती, म्हणजे मॉडेल रिलीज, आपल्याकडे नसेल, तर तो फोटो कमर्शियल म्हणून स्वीकारला जात नाही. खासगी मालमत्ता, ओळखता येणारी वास्तू किंवा दुसऱ्याची कलाकृती असेल, तर मालकाची लेखी संमती, म्हणजे प्रॉपर्टी रिलीज, मागितले जाते. कंपन्यांची बोधचिन्हे, दुकानांच्या पाट्या, संत्रा बर्फीच्या डब्यावरचे उत्पादकाचे नाव, गाडीवरचे चिन्ह हे सारे कमर्शियल फोटोतून काढून टाकावे लागते.

नागपूरची उदाहरणे घेतली की हे चटकन उलगडते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जमलेला जनसागर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी आणि पिवळी मारबत, हिवाळी अधिवेशनाच्या काळातील मोर्चे हे फोटो एडिटोरियलच राहणार, कारण शेकडो चेहऱ्यांची संमती कोणी घेऊ शकत नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या फोटोबाबत कायदा आणि संकेतस्थळांचे नियम यांच्यात तफावत दिसते. वास्तूचे छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे याला कॉपीराइट कायद्याचे कलम 52 सूट देते, तरीही संकेतस्थळे कमर्शियल वापरासाठी मालमत्ताधारकाची संमती मागू शकतात आणि तेथे त्यांचाच नियम चालतो. श्रद्धास्थानांच्या बाबतीत मला हे योग्यच वाटते. उड्डाणपुलाच्या खांबांवर आणि शहरातील भिंतींवर रंगवलेली चित्रे हा आणखी वेगळा मामला आहे. सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पाला कायद्यात सूट आहे, पण भिंतीवरच्या चित्राला ती नाही. त्या चित्राचा हक्क चित्रकाराकडे किंवा त्याने तो ज्याला दिला त्याच्याकडे असतो, म्हणून असे चित्र हाच फोटोचा विषय असेल तर चित्रकाराची परवानगी घ्यावी. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि तेथे कॅमेरा काढण्यापूर्वी विचारणा करणे बंधनकारक समजावे.

एडिटोरियल फोटोत फेरफार चालत नाही. काटछाट आणि उजेड-रंगांची माफक दुरुस्ती एवढीच मुभा असते. आकाश बदलणे, खांब पुसणे, माणूस काढून टाकणे हे केले की फोटो बाद होतो आणि विश्वासही जातो. फोटोखालच्या ओळीमध्ये शहर, राज्य, देश, तारीख आणि काय घडत आहे याचे नेमके वर्णन इंग्रजीत द्यावे लागते, म्हणून फोटो काढतानाच तारीख व ठिकाण टिपून ठेवण्याची सवय लावावी.

संमतिपत्र कसे घ्यावे

येथे थोडे थांबायला हवे, कारण या कागदामागे एक माणूस असतो. कळमन्यात संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या एखाद्या बाईंचा सुंदर फोटो मिळाला आणि त्या सही करायला तयारही झाल्या, तरी त्या कशावर सही करत आहेत हे त्यांना समजले आहे का, याची जबाबदारी छायाचित्रकाराची आहे. बहुतेक संकेतस्थळांचे छापील नमुने इंग्रजीत असतात. तो कागद पुढे करून 'इथे सही करा' म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नाही. मजकूर मराठीत किंवा त्यांना कळणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. हा फोटो जगात कोठेही जाहिरातीत छापला जाऊ शकतो, कोणी छापायचा हे आपल्या हातात नसते, आणि एकदा विकल्यावर तो परत मागता येत नाही, ही तीन वाक्ये स्पष्ट शब्दांत सांगावीत. त्यावर त्या 'मग नको' म्हणाल्या, तर तो फोटो एडिटोरियलमध्येही टाकण्याचा हट्ट धरू नये.

होकार मिळाल्यास पत्रकात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो काढल्याची तारीख, सही आणि साक्षीदाराची सही घ्यावी. साक्षीदार तिसरी व्यक्ती असावी. 18 वर्षांखालील मुलामुलींसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची सही लागते. शाळेच्या शिक्षकांनी किंवा सोबत आलेल्या काकांनी केलेली सही चालत नाही. मोबदला म्हणून काही रक्कम द्यावी आणि ती पत्रकात नमूद करावी. फोटोची एक छापील प्रत नेऊन द्यावी, कारण माणसे ती जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी आपणहून उभी राहतात. सही केलेल्या पत्रकाचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो पुरतो, मात्र मूळ कागदही सांभाळून ठेवावा.

याच्याशी जोडलेली एक सेटिंग अनेकांच्या नजरेतून सुटते. शटरस्टॉकच्या खात्यात संवेदनशील वापराला परवानगी द्यायची की नाही, हे निवडता येते. आजार, व्यसनमुक्ती, राजकीय प्रचार अशा विषयांत फोटोतील व्यक्ती स्वतःच त्या स्थितीत असल्यासारखी दाखवली जाणे, हा संवेदनशील वापर होय. ओळखीच्या, साध्या माणसांचे फोटो असतील तर ही परवानगी बंद ठेवावी, असा माझा आग्रह आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी आपले फोटो देण्याचा प्रश्नही येथेच सोडवावा. शटरस्टॉकवर त्यातून बाहेर राहण्याचा पर्याय खात्याच्या सेटिंगमध्ये असतो, तर अडोबी स्टॉकच्या करारात असा वेगळा पर्याय ठेवलेला नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी फोटो चढवण्यापूर्वीच निर्णय घ्यावा.

संकेतस्थळे किती वाटा देतात

मोठ्या संकेतस्थळांवर विक्रीचा दर आपण ठरवत नाही. दर त्यांचा आणि वाटा आपला, अशी ही रचना आहे. म्हणून तेथे आपल्या हातातील एकमेव निर्णय म्हणजे कोणता फोटो कोठे द्यायचा हा.

शटरस्टॉकने जून 2020 पासून सहा पातळ्यांची पद्धत आणली. वर्षाची सुरुवात सर्वांची 15 टक्क्यांपासून होते. त्या वर्षात फोटोंचे 100 परवाने पार झाले की 20 टक्के, 250 नंतर 25, 500 नंतर 30, 2,500 नंतर 35 आणि 25,000 नंतर 40 टक्के. दर 1 जानेवारीला गणना पुन्हा शून्यावर येते. म्हणजे वर्षभर मेहनत करून 300 परवान्यांपर्यंत पोचलेला छायाचित्रकार डिसेंबरात 25 टक्के घेत असतो आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पुन्हा 15 वर येतो. सबस्क्रिप्शनमधून विकल्या गेलेल्या फोटोला किमान 10 सेंट मिळतात आणि नव्या माणसाच्या खात्यात याच आकड्याच्या नोंदी सर्वाधिक दिसतात.

अडोबी स्टॉक फोटोंसाठी 33 टक्के देते आणि येथे पातळ्यांचा जिना नाही. आयस्टॉकवर इतरत्रही विक्री करणाऱ्यांना फोटोंसाठी 15 टक्के मिळतात आणि केवळ त्यांच्याशीच बांधून घेणाऱ्यांना 25 ते 45 टक्के. समजा एका ग्राहकाने एकच फोटो 10 डॉलरला घेतला. शटरस्टॉकच्या पहिल्या पातळीवर आपल्याला दीड डॉलर मिळेल आणि अडोबी स्टॉकवर 3 डॉलर 30 सेंट. त्याच ग्राहकाने मोठे सबस्क्रिप्शन घेतले असेल आणि त्याला एक फोटो एका डॉलरला पडत असेल, तर हेच आकडे 15 आणि 33 सेंट होतात.

अलामीवर विक्री कमी होते, पण एका विक्रीची रक्कम सहसा मोठी असते, आणि पाठ्यपुस्तके, मासिके व वृत्तपत्रे हे तिचे मुख्य ग्राहक आहेत. मारबतीसारखा विषय जेथे शोधला जातो ती हीच जागा. वाटा साधारण 40 टक्के असतो, मात्र वर्षभरातील विक्री 250 डॉलरच्या खाली राहिली तर तो 20 टक्क्यांवर उतरतो. केवळ भारतीय चेहऱ्यांचे आणि भारतीय जीवनाचे फोटो हवे असणारे ग्राहक 2006 मध्ये सुरू झालेल्या इमेजेसबाझारसारख्या संग्रहाकडेही वळतात.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त एकाच संकेतस्थळाला देण्याचा, करार करताना त्याची व्याप्ती नीट पाहावी. आयस्टॉकची अट माणसाला लागू होते: त्यांच्याशी बांधून घेतले की आपला कोणताही रॉयल्टी-फ्री फोटो इतरत्र ठेवता येत नाही. अलामीची अट फोटोनिहाय असते. सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच वर्षी स्वतःला एका संकेतस्थळाशी बांधून घेऊ नये. कोणते फोटो कोठे चालतात हे आधी पाहावे.

फोटोंची वाटणी

आता प्रत्यक्ष काम. संग्रह उघडून प्रत्येक फोटोबाबत एकच प्रश्न विचारावा: असाच फोटो दुसऱ्या कोणाला सहज काढता येईल का?

सोललेल्या संत्र्याच्या फोडी, तर्री पोह्याची प्लेट, पावसाळ्यातील अंबाझरी, कोरा लाकडी टेबल आणि त्यावर चहाचा कप, हे कोणीही काढू शकतो. असे फोटो रॉयल्टी-फ्री म्हणून सर्व मोठ्या संकेतस्थळांवर एकाच वेळी द्यावेत, कारण त्यांची कमाई संख्येतूनच होणार असते. दुसरा गट प्रसंगांचा: मिरवणूक, यात्रा, अधिवेशन, उन्हाळ्यात 45 अंशांच्या आसपास ओस पडलेला बर्डीचा रस्ता. हे एडिटोरियल म्हणून अलामीकडे राइट्स-मॅनेज्डमध्ये ठेवावेत. तिसरा गट लहान असतो आणि तोच सर्वांत मोलाचा. पहाटे धुक्यात कलमे बांधणारा काटोलचा बागायतदार, संमतिपत्रासह. आंबिया बहाराच्या तोडणीची सलग, क्रमवार मालिका. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या सावजी खानावळीत मसाला वाटणारे हात. हे फोटो कोणत्याही सबस्क्रिप्शनवर टाकू नयेत. ते स्वतःच्या संकेतस्थळावर लहान आकारात ठेवून थेट विकावेत. ताडोब्यातील वाघांबद्दल अनेकांच्या अपेक्षा फार असतात, पण रस्त्यावर बसलेल्या वाघाचे उत्तम फोटो बाजारात आधीच मुबलक आहेत. त्या जंगलातील गाइड, गावकरी आणि बफर क्षेत्रातील शेती यांचे संमतीसह काढलेले फोटो मात्र कमी दिसतात.

वर्णन आणि शोधशब्दांबद्दल एकच गोष्ट सांगतो. नागपुरी संत्रे वनस्पतिशास्त्राप्रमाणे मँडरीन गटातील आहे, त्याची साल सैल असते. परदेशी ग्राहक ऑरेंज शोधतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वेगळेच फळ असते. शोधशब्दांत मँडरीन, नागपूर, सिट्रस आणि बागेतील नेमके काम हे सारे असावे.

थेट विक्रीचा दर

स्वतः दर ठरवण्याची संधी खऱ्या अर्थाने येथे मिळते आणि येथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. ग्राहक फोनवर विचारतो, 'या फोटोचे किती घ्याल?' आणि आपण तोंडाला येईल तो आकडा सांगतो. त्याऐवजी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: माध्यम, प्रती किंवा आकार, प्रदेश, मुदत, आणि एकट्यासाठी हवा की नाही. उत्तरे लिहून घेऊनच आकडा काढावा.

मूळ दर खर्चावरून निघतो. समजा काटोलच्या बागेतील एका दिवसासाठी स्वतःच्या श्रमाचे 4,000 रुपये, प्रवास आणि जेवणाचे 1,000, उपकरणांच्या झिजेचे 1,000 आणि संगणकावरील कामाचे 2,000 धरले. एकूण 8,000 झाले. त्या दिवसातून विक्रीयोग्य असे आठ फोटो निघाले तर एका फोटोचा खर्च 1,000 रुपये. त्यावर नफा धरून मूळ दर 1,500 ठेवू. ही रक्कम एक वर्ष, विदर्भापुरता, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरील वापरासाठी. बाकीचे गुणक आपण आपल्या अनुभवाने ठरवायचे. मी उदाहरणासाठी माहितीपत्रकाला दीडपट, वेष्टनाला तिप्पट आणि होर्डिंगला चौपट धरतो. मुदत तीन वर्षे असेल तर दुप्पट. प्रदेश महाराष्ट्र असेल तर दीडपट, संपूर्ण भारत असेल तर दुप्पट.

आता एका संत्रा व्यापाऱ्याला खोक्यावर छापण्यासाठी, तीन वर्षे, भारतभर फोटो हवा आहे. हिशेब 1,500 गुणिले 3, गुणिले 2, गुणिले 2, म्हणजे 18,000 रुपये. त्याच्या व्यवसायातील दुसऱ्या कोणाला हा फोटो द्यायचा नाही अशी अट असेल तर आणखी दुप्पट, म्हणजे 36,000. व्यापारी म्हणतो की एवढे परवडत नाही. अशा वेळी 18,000 चे 10,000 करून टाकणे ही चूक आहे, कारण पुढच्या वेळी बोलणी 10,000 पासून सुरू होतील. भाव उतरवायचा असेल तर हक्कही उतरवावा. एक वर्ष आणि महाराष्ट्रापुरता वापर घेतला तर हिशेब 1,500 गुणिले 3, गुणिले दीड, म्हणजे 6,750 रुपये होतो, आणि ग्राहकाला आपण काय कमी घेत आहोत हे कागदावर दिसते. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेल्या फोटोत अनेकदा जाड सालीचे, घट्ट, परदेशी फळ असते. नागपूर संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे नागपूरचे नाव छापणाऱ्या खोक्यावर खरे नागपुरी फळ दिसणे यात व्यापाऱ्याचेही हित आहे. हा मुद्दा शांतपणे मांडावा, तो पटतो.

परवाना नेहमी लेखी द्यावा. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत गृहीत धरला जातो. म्हणजे एका वर्षाच्या दरात आपण नकळत पाच वर्षे देऊन बसतो. फोटोचे नाव व क्रमांक, वापराचे माध्यम, प्रदेश, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रक्कम, छायाचित्रकाराचे नाव छापण्याची अट, आणि दुसऱ्या कोणाला हा परवाना देता येणार नाही हे वाक्य, एवढे एका पानात बसते. एजन्सीकडून येणाऱ्या तयार करारात सर्व माध्यमांतील, सर्व प्रदेशांतील, कायमचे हक्क अशी ओळ अनेकदा घातलेली असते. तिचा अर्थ जवळजवळ मालकी देणे असा होतो. ती खोडून आपली ओळ लिहावी आणि एजन्सीला खरोखरच सर्व हक्क हवे असतील तर त्याचा दर वेगळा सांगावा.

पैसे आणि कर

अमेरिकी संकेतस्थळांवर नोंदणी करताना डब्ल्यू-8बेन हा कर अर्ज भरावा लागतो. त्यात पॅन क्रमांक द्यावा आणि भारत-अमेरिका कर करारातील रॉयल्टीविषयीच्या कलम 12 चा लाभ मागावा. तसे केल्यास अमेरिकेतील ग्राहकांकडून आलेल्या रकमेवर 15 टक्के कर कापला जातो, अन्यथा 30 टक्के. हा अर्ज सही केलेल्या वर्षानंतर आणखी तीन कॅलेंडर वर्षे चालतो, मग नव्याने भरावा लागतो. भारतात ही सगळी रक्कम उत्पन्नात दाखवायची असते आणि तेथे कापलेल्या कराचे श्रेय येथे मागता येते. त्यासाठी विवरणपत्रासोबत वेगळा फॉर्म मुदतीत द्यावा लागतो, म्हणून कापलेल्या कराचे दाखले वर्षअखेरीस उतरवून घ्यावेत. सेवांची उलाढाल 20 लाखांच्या जवळ जाऊ लागली की जीएसटीबाबत चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा.

नोंदवही

फोटो दोन-तीनशेच्या पुढे गेले की स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. एक साधी एक्सेल शीट पुरते: फोटोचा क्रमांक, काढल्याची तारीख व ठिकाण, संमतिपत्र आहे की नाही आणि कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या संकेतस्थळावर कोणत्या परवान्याने दिला, थेट विकला असेल तर कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. एकच फोटो एका ठिकाणी रॉयल्टी-फ्री आणि दुसरीकडे राइट्स-मॅनेज्ड म्हणून ठेवला जाणार नाही, याची तपासणी याच शीटवरून करावी. फाइलच्या आतच साठवल्या जाणाऱ्या आयपीटीसी माहितीत आपले नाव, कॉपीराइटची ओळ आणि परवाना कोठे मिळेल त्या पानाचा पत्ता भरून ठेवावा. 2020 पासून गूगलच्या चित्रशोधात अशी माहिती असलेल्या फोटोवर परवाना उपलब्ध असल्याची खूण दिसू शकते आणि ग्राहक थेट आपल्या पानावर येतो.

विनापरवाना वापर सापडला तर आधी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि हा वापर आपल्याच एखाद्या संकेतस्थळावरील परवान्यातून झालेला नाही ना, हे पाहावे. तसे नसेल तर झालेल्या वापराचे बिल आणि मालकीचा पुरावा जोडून सभ्य भाषेत पत्र पाठवावे. त्याला दाद मिळाली नाही तरच वकिलाकडे जावे. थेट दिलेल्या परवान्यांच्या शेवटच्या तारखा महिनाभर आधी पाहाव्यात आणि ग्राहकाला नूतनीकरणाच्या दरासह आठवण पाठवावी. खोक्यांची पुढची छपाई सुरू होण्यापूर्वी ते पत्र त्याच्या हाती पडायला हवे.